सोसायटी ग्रुप, वसई पश्चिम : शाळेचं पिकअप कार्ड आणि आजचा गोंधळ

बी-३०४ | दु. १:०५
आज आपल्या कॉन्व्हेंट शाळेने कमाल केली. सासूबाई पाऊण तास उन्हात गेटबाहेर उभ्या. कार्ड घरी राहिलं, एवढाच गुन्हा. वॉचमन त्यांना नावानिशी ओळखतो, तरी पहिलीतल्या पोराला सोडलं नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईला साधी खुर्ची नाही. प्रेम, सेवा, क्षमा भिंतीवर रंगवून काय उपयोग?

ए-६०३ | दु. १:०८
अगदी बरोबर वहिनी. फी घेताना बरं सगळ्यांना ओळखतात.

डी-५०१ | दु. १:११
मूळ प्रश्न रिक्षांचा आहे. गेटला चिकटून उभ्या असतात, मुलं दोन रिक्षांच्या फटीतून पळतात. त्यावर कोणी बोलत नाही.

सी-२०१ टीचर | दु. १:२६
बी-३०४, आजींना सावलीत बसवून पाणी द्यायलाच हवं होतं. तिथे शाळा चुकली. पण मूल दिलं नाही हे योग्यच केलं. वॉचमनची ओळख चालवून घेतली की नियम संपला. तो एजन्सीचा माणूस, रजेवर गेला की बदली येतो, त्याला आजी कोण आणि शेजारीण कोण काय कळणार? आणि मुलांना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच निघतो. काही घरांत मुलाच्या ताब्याचा वाद कोर्टात असतो. तिथे "मी सख्खा काका" म्हणणारा खरंच सख्खा काका असतो, तरी त्याच्याकडे मूल द्यायचं नसतं.

बी-३०४ | दु. १:२९
मग कार्ड विसरलं तर मूल शाळेतच ठेवायचं का टीचर?

सी-२०१ टीचर | दु. १:४१
नाही हो. प्रवेश अर्जावरच्या नंबरवर ऑफिसने स्वतः फोन लावायचा. समोरच्याने लावून हातात दिलेला फोन घ्यायचाच नाही, "ही घ्या त्याची आई" म्हणून पलीकडून कोणीही बोलेल. होकार मिळाला की रजिस्टरमध्ये वेळ, घेणाऱ्याचं नाव, नातं, मोबाइल, सही. मग वर्गशिक्षिका मुलाला घेऊन येते आणि विचारते, "तुला न्यायला कोण आलंय?" "ही तुझी आजी ना?" असं विचारायचं नाही, मूल मोठ्यांच्या होला हो करतं. मूल कचरलं तर थांबायचं. हे सगळं पाच-सात मिनिटांत होतं. आज पाऊण तास लागला म्हणजे एक तर ऑफिसात फोन करायला माणूस नव्हता, नाही तर अर्जावरचा नंबर बंद आहे. तेवढा तपासून घ्या.

ए-६०३ | दु. १:४३
वहिनी, तुम्ही मध्ये नंबर बदललात ना?

बी-३०४ | दु. १:४४
त्याचा इथे काय संबंध?

सेक्रेटरी | दु. १:५०
बी विंगच्या जिन्यासमोर पांढरी गाडी कोणाची आहे? टँकर आत येत नाहीये. कृपया लगेच काढा.

बी-१०३ अंकल | दु. १:५८
भिंतीवरच्या शब्दांची टिंगल नको, ही विनंती. सिस्टर आणि फादर लोकांनी या पट्ट्यात शाळा काढल्या तेव्हा शेतकऱ्याच्या आणि कोळ्याच्या पोराला शिकवायला दुसरं कोण पुढे आलं होतं? आजही शाळेत निम्म्याहून जास्त मुलं बिगर-ख्रिस्ती आहेत, कोणाला वेगळी वागणूक नाही.

ए-६०३ | दु. २:०१
वेगळी नाही कशी अंकल? मेंदी लावली म्हणून डायरीत शेरा. टिकली काढायला लावली. रोज त्यांचीच प्रार्थना.

बी-१०३ अंकल | दु. २:०३
प्रवेश घेताना नियमावलीवर सही तुमचीच होती.

ए-१०२ वकील | दु. २:२०
दोघंही जरा थांबा. सही केली म्हणून सगळं मान्य, असं होत नाही. अनुदानित किंवा सरकारमान्य शाळेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायला पालकाची संमती लागते, संविधान कलम २८(३). म्हणूनच कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास चालू असताना बाकीच्यांना मूल्यशिक्षण असतं. आणि अंकल, २०२४ मध्ये भारतातल्या बिशपांच्या परिषदेनेच आपल्या शाळांना कळवलंय की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका आणि परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणा. टिकलीचा मुद्दा हे पत्रक दाखवून शांतपणे मांडता येईल. सुरक्षेशी त्याची गल्लत करू नका.

बी-१०३ अंकल | दु. २:२४
हे मान्य. पत्रक मलाही पाठवा.

डी-५०१ | दु. २:२५
रिक्षांचं काय? गेटसमोरच्या रिक्षा?

ए-४०४ | दु. २:४७
गेटच्या कॅमेऱ्याबद्दल बोलायचंय, आमचा धंदाच तो आहे. पालकसभेत "सोळा कॅमेरे बसवले" एवढंच सांगतात. गेटचा कॅमेरा आतून रस्त्याकडे तोंड करून लावलाय. सुट्टीच्या वेळी मागे लख्ख ऊन, त्यामुळे येणारा प्रत्येक माणूस काळी सावली दिसतो, चेहरा शून्य. तिथे डब्ल्यूडीआर (मागे ऊन असलं तरी चेहरा स्पष्ट दाखवण्याची सोय) असलेला कॅमेरा हवा आणि तो डोक्यापेक्षा फार वर नको, नाही तर नुसत्या टोप्या आणि छत्र्या दिसतात.
साठवणीचा हिशोब : दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा साधारण दोन एमबीपीएसवर (सेकंदाला दोन मेगाबिट डेटा) चालला तर दिवसाला २१-२२ जीबी खातो. सोळा कॅमेरे म्हणजे जवळपास ३५० जीबी. शाळेत चार टीबीची डिस्क आहे, म्हणजे अकरा-बारा दिवसांत जुनं पुसलं जातं. लहान मूल महिन्याभराने काही बोललं तर दाखवायला काहीच नसणार. तीस दिवस हवे असतील तर साधारण साडेदहा टीबी जागा लागते, किंवा रात्री फक्त हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग ठेवायचं.

डी-२०२ | दु. २:५०
मुलींच्या टॉयलेटजवळ कॅमेरा आहे का? की तिथेच नाही?

ए-४०४ | दु. २:५६
आत कधीच नाही. बाहेरच्या पॅसेजमध्ये, दारातून कोण गेलं आणि कोण आलं एवढंच दिसेल असा. दार उघडल्यावर आतलं दिसता कामा नये, हे बसवून झाल्यावर दार सताड उघडं ठेवून मोबाइलवर तपासायचं. अजून एक, लाइट गेली की डीव्हीआरचं (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ मागे पडू शकतं. घड्याळात वीस मिनिटांचा फरक असला तरी पोलिसांसमोर त्या फुटेजवर दहा प्रश्न येतात. यूपीएस आणि आठवड्याला एकदा वेळ जुळवणं, खर्च जवळजवळ काहीच नाही.

ए-१०२ वकील | दु. ३:०५
बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर २१ ऑगस्ट २०२४ ला शासन निर्णय निघाला, त्यात कॅमेरे, फुटेज नियमित तपासणं, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, सखी सावित्री समिती (शाळेतली मुलांच्या सुरक्षेची समिती) हे सगळं आहे. सफाई कामगार, शिपाई आणि बसवरचा माणूस कंत्राटी असला तरी पडताळणी लागतेच. शाळेकडे फक्त दाखले मागा, कोणावर आरोप करायची गरज नाही.

डी-३०१ | दु. ३:१२
तक्रारपेटी ऑफिसच्या दारातच टांगलीय. मुख्याध्यापिकेसमोर चिठ्ठी टाकायची हिंमत आठ वर्षांच्या मुलीला होईल का?

सी-२०१ टीचर | दु. ३:२१
योग्य बोललात. पेटी पिण्याच्या पाण्याच्या नळाजवळ किंवा वाचनालयात हवी, जिथे मुलं तशीही जातात, आणि पहिलीच्या मुलाचा हात पोचेल इतक्या उंचीवर. किल्ली एकाच माणसाकडे नको. सखी सावित्री समितीतली पालक प्रतिनिधी आणि एक शिक्षिका दोघींसमोर उघडायची, चिठ्ठ्यांची नोंद करायची. पहिली-दुसरीच्या मुलांना नीट लिहिता येत नाही, ती चित्र काढतात. चित्रही तक्रार धरायचं.

बी-१०३ अंकल | दु. ३:३०
एक गोष्ट स्पष्ट विचारतो. हल्ली सगळीकडे फादरांकडेही संशयाने बघतात. प्रथम कम्युनियनची (मुलं चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेतात तो विधी) तयारी सुरू होणार आहे, त्याआधी मुलांचं पापनिवेदन (फादरांजवळ आपल्या चुका खासगीत कबूल करणं) असतं. आता त्यातही कॅमेरा लावणार का?

सी-२०१ टीचर | दु. ३:४४
अंकल, कॅमेरा नाही, आणि पापनिवेदनाची गुप्तता कोणी मोडत नाही. पण मुलांचं पापनिवेदन बंद खोलीत घ्यायचं कारण नाही. चर्चमध्ये किंवा शाळेच्या हॉलमध्ये, फादर आणि मूल सगळ्यांना दिसतील पण शब्द ऐकू येणार नाहीत इतक्या अंतरावर. शिक्षिका आणि बाकीची मुलं त्याच हॉलमध्ये. ऑफिस किंवा समुपदेशनाच्या खोलीच्या दाराला काच हवी आणि एकट्या मुलासोबत असताना दार आतून लावायचं नाही. हे फादर, सिस्टर, शिक्षक, संगीत शिकवणारे सर, सगळ्यांना सारखं. चांगल्या फादरांनाच याचा आधार होतो, कोणी खोटा आळ घेऊ शकत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्येच धर्मगुरू आणि व्रतस्थांना (सिस्टर, ब्रदर) अत्याचाराची माहिती वरिष्ठांना कळवणं बंधनकारक केलंय आणि २०२३ मध्ये तो नियम कायम केलाय.

ए-१०२ वकील | दु. ३:५१
आणि बिशपांना कळवलं म्हणून काम संपत नाही. पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, नुसती शंका असली तरी. कलम २१ मध्ये न कळवल्याची शिक्षा आहे : सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षापर्यंत. बदलापूरला शाळेच्या चालकांवर याच कलमाखाली गुन्हा नोंदवला गेला. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. रात्री-अपरात्री १०९८ ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन करा.

ए-६०३ | दु. ३:५५
मग मागच्या महिन्यात त्या तिसरीतल्या मुलीचं काय ते झालं, ती कोणाची

ए-१०२ वकील | दु. ३:५६
हे ताबडतोब डिलीट करा. मुलाची ओळख उघड करायला पॉक्सोत मनाई आहे. ओळखीत नाव, फोटो, शाळा, शेजार, कुटुंब, सगळं येतं.

ए-६०३ | दु. ३:५८
डिलीट केलं. चुकून गेलं.

डी-५०१ | दु. ४:०२
मी सकाळपासून, सॉरी, दुपारपासून विचारतोय. रिक्षा?

डी-३०१ | दु. ४:१५
दादा, मीच सांगते, मी परिवहन समितीत आहे. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली ही समिती असायला हवी, स्कूल बसचे २०११ चे नियम तेच सांगतात. आपण मांडलेला तोडगा असा : सीनियर केजी १२:००, पहिली-दुसरी १२:१०, तिसरी-चौथी १२:२०. सगळी शाळा एकदम सुटते म्हणून गेटवर चेंगराचेंगरी होते. रिक्षा आणि दुचाकी चर्चच्या मैदानाच्या कडेला, गेटपासून निदान पन्नास मीटर लांब. मूल पायी रिक्षापर्यंत जाणार नाही, रिक्षावाल्याने कार्ड घेऊन रांगेत यायचं आणि आपली मुलं मोजून न्यायची. मैदानासाठी फादरांची परवानगी लागेल.
बसमध्ये मदतनीस बाई लागतेच. चढताना यादी, उतरताना यादी, आणि बस रिकामी झाली की तिने शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन सीटखाली बघायचं. झोपलेलं मूल आरशात दिसत नाही.

डी-५०१ | दु. ४:१७
धन्यवाद ताई. हेच हवं होतं.

बी-२०२ | दु. ४:१९
आणि दुचाकीवर चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट लागतं, हे ग्रुपमधल्या काही बाबांनाही सांगा. टाकीवर बसवून आणतात.

बी-३०४ | दु. ४:२२
माझा नंबर जुनाच होता अर्जावर. उद्या बदलून देते. पण पावसाचं काय? गेल्या जुलैत पाणी भरलं, अकराला शाळा सोडली, मेसेज साडेअकराला. तेव्हा कार्ड घेऊन कोण पोचणार?

सी-२०१ टीचर | दु. ४:३४
हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. अशा दिवशी घाईने मूल सोडणं जास्त धोक्याचं, उघडी गटारं पाण्याखाली दिसत नाहीत. शाळेत, वरच्या मजल्यावर मूल सुरक्षित असतं. म्हणून "पाणी ओसरेपर्यंत शाळा मूल ठेवेल" असं शाळेकडून लेखी घ्या. त्यासाठी बिस्किटं, पाणी, टॉर्च, आणि ज्या मुलांना दमा किंवा फिट्स आहेत त्यांची औषधं नाव घालून ऑफिसात. प्रत्येक मुलामागे दोन पर्यायी माणसं अर्जावर, त्यातला एक शाळेपासून चालत येण्याच्या अंतरावर राहणारा.

डी-२०२ | दु. ४:४०
प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) मुलांना मदतपेटी घेऊन दारोदार पाठवतात, तेही बंद करायला सांगा. मदत करू दे, पण अनोळखी घराची बेल वाजवून नको.

बी-१०३ अंकल | दु. ४:४६
त्यावर माझा पाठिंबा. पेटी घरी ठेवू दे, खाऊतले पैसे टाकू दे. आमच्या पॅरिश कौन्सिलमध्ये (चर्चच्या समितीत) मी मांडतो. मैदानाच्या परवानगीचंही फादरांशी बोलतो.

सेक्रेटरी | सायं. ५:०३
शनिवारी पालक-शिक्षक संघाची सभा आहे. सोसायटीचं एकच पत्र जाऊ दे : कार्ड विसरल्यावरची पद्धत, आजींसारख्यांना बसायला बाक, सुट्टीच्या तीन वेळा, गेटचा कॅमेरा आणि डिस्क, तक्रारपेटीची जागा, पावसाची लेखी हमी. टिकली-मेंदीचं पत्र वेगळं. वकीलसाहेब, मसुदा तुम्ही करा.

ए-१०२ वकील | सायं. ५:०६
करतो. आज रात्री टाकतो. चारित्र्य पडताळणीचे दाखले त्यात राहिले, ते मी घालतो.

बी-३०४ | सायं. ५:०९
बाकाचं पहिल्या नंबरवर घाला.

सेक्रेटरी | सायं. ५:१०
घालू. पांढरी गाडी अजून तिथेच आहे.