मदत हवी आहे: मोटर सुरू केली की अर्डुइनो रिसेट होतो!!

तिसरं_वर्ष_आणि_दोन_केटी: मेकॅट्रॉनिक्स, तिसरं वर्ष. मिनी प्रोजेक्ट, पीआयडीने (स्पीड मोजून मोटरला आपोआप कमी-जास्त दाबणारा कोड) मोटरचा स्पीड कंट्रोल. मोटर फिरायला लागली की अर्डुइनो उनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड) रिसेट. कोड दहा वेळा तपासला. सोमवारी सबमिशन आहे, ग्रुपमधले दोघं गावाला. लवकर सांगा प्लीज.

खडूस_कपॅसिटर: कुठली मोटर? तिला करंट देणारा ड्रायव्हर कुठला? सप्लाय? ज्योतिष सांगायला बसलोय का आम्ही?

पुणेरी_बोल्ट: अर्डुइनो फेकून दे, ईएसपी३२ बोर्ड घे. आमच्या कंपनीत सगळे तेच वापरतात.

खडूस_कपॅसिटर: बोल्टराव, ती ३.३ व्होल्टची. याच्याकडे एन्कोडर (मोटरचं फिरणं मोजणारा सेन्सर) असणारच, त्याचे ५ व्होल्ट थेट पिनवर दिले तर बोर्डाची राख. आणि रिसेट तिकडेही होईलच.

पुणेरी_बोल्ट: ५ चे ३.३ व्होल्ट करणारी लेव्हल शिफ्टर नावाची वस्तू मिळते, साहेब.

सांगलीची_हळद: मी सांगते ते ऐक, या ब्रँचला गेटचा (एमटेकच्या प्रवेश परीक्षेचा) स्वतंत्र पेपर नाही. मेकॅनिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशनसारखा दुसऱ्या ब्रँचचा द्यावा लागतो. माझ्या भावाने हे अ‍ॅडमिशननंतर शोधून काढलं.

तिसरं_वर्ष_आणि_दोन_केटी: ताई, गेटचं नंतर बघू हो. जॉन्सन मोटर, १२ व्होल्ट, ३०० आरपीएम, एन्कोडरवाली. ड्रायव्हर एल२९८एन. बॅटरी नऊ व्होल्टची.

खडूस_कपॅसिटर: नऊ व्होल्टची म्हणजे ती चौकोनी, मल्टिमीटरमध्ये असते ती?

तिसरं_वर्ष_आणि_दोन_केटी: हो. तिच्यावरच मोटर, आणि ड्रायव्हरच्या ५ व्होल्टच्या पिनवरून उनो.

खडूस_कपॅसिटर: हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना रे! मोटर सुटताना क्षणभर काही अँपिअर मागते, त्या बॅटरीतून अर्धा निघाला तरी खूप. व्होल्टेज बसतं, ड्रायव्हरवरचा रेग्युलेटर ५ व्होल्ट देऊ शकत नाही, उनो झोपतो. शिवाय एल२९८एन स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. १८६५० चे तीन लिथियम सेल सिरीजमध्ये लाव.

तिसरं_वर्ष_आणि_दोन_केटी: उद्या रविवार. पासोड्या विठोबाजवळची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं उघडी असतात का?

निवृत्त_फिटर: बाळा, घरातल्या वायफाय राउटरचा अडॅप्टर बघ, बहुतेक १२ व्होल्टचा असतो. पाठीवर छापलेलं वाचून घे. चाक हवेत ठेवून टेस्ट करायला तो चालेल. उनो लॅपटॉपच्या यूएसबीवर घे, ड्रायव्हरची ५ व्होल्टची वायर काढ, पण ग्राउंड दोन्हींचा एकच हवा. मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक सोल्डर कर.

पुणेरी_बोल्ट: अवांतर: मेकॅट्रॉनिक्स हा शब्द १९६९ साली जपानच्या यास्कावा कंपनीतल्या तेत्सुरो मोरी यांनी काढला. आपल्याकडे कॉलेजं तो ‘थोडं मेकॅनिकल, थोडं इलेक्ट्रॉनिक्स, धड काहीच नाही’ असा शिकवतात.

सांगलीची_हळद: धड काहीच नाही?! माझा भाऊ कारखान्यातल्या मशिनांचं पीएलसी प्रोग्रॅमिंग करतो, त्याच्या हाताखाली तीन मेकॅनिकलवाले आहेत.

पुणेरी_बोल्ट: मग गेटचं रडगाणं कशाला?

तिसरं_वर्ष_आणि_दोन_केटी: राउटरचा अडॅप्टर लावला. घरात नेट बंद म्हणून आई ओरडतेय, पण रिसेट थांबला!!! आता नवीनच. सेटपॉइंट (हवा तो स्पीड) १०० दिला की मोटर सुसाट सुटते, थांबतच नाही. केपी, म्हणजे पीआयडीचा जोर, कमी करू का?

खडूस_कपॅसिटर: सिरियल मॉनिटरवर स्पीड काय दिसतोय?

तिसरं_वर्ष_आणि_दोन_केटी: मायनस २९०.

खडूस_कपॅसिटर: केपीला हात लावू नकोस. मोटर सुलट फिरतेय, एन्कोडर उलटं मोजतोय. त्यामुळे एरर (हवा तो आणि मोजलेला स्पीड यातला फरक) वाढतच जातो आणि पीआयडी आणखी दाबतो. एन्कोडरच्या ए आणि बी वायरी अदलाबदल कर. किंवा मोटरच्या दोन. दोन्हीकडे करशील तर पुन्हा तिथेच.

निवृत्त_फिटर: आणि एन्कोडर मोजणाऱ्या इंटरप्टच्या फंक्शनमध्ये सिरियल प्रिंट टाकलं असशील तर काढ.

तिसरं_वर्ष_आणि_दोन_केटी: काका, टाकलंय 😐 काढतो. ए-बी बदलल्यावर ९७ ते १०३ मध्ये राहतोय. सरांना चालेल?

सांगलीची_हळद: चालेल. आता गेटचं बघ.