'नॉकआउट' उंदराला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: एका अनुवादात 'नॉकआउट माउस'साठी 'जनुकविरहित उंदीर' असे वाचले. बरोबर आहे का?

प्रतिसाद: नाही. उंदराची बाकी सगळी जनुके शाबूत असतात, एकच बंद पाडलेले असते. 'जनुकलोपी'सुद्धा अपुरा वाटतो. जुन्या पद्धतीत भ्रूणीय मूलपेशींमधल्या जनुकात अनेकदा निओमायसिन-रोधक जनुक (निओमायसिनसारख्या प्रतिजैविकाला दाद न देणारे) घुसवत. त्याने मूळ जनुक तुटते, नाहीसे होतेच असे नाही. म्हणून मी 'निकामी' घेईन. मात्र 'निकामी उंदीर' लिहिले तर उंदीरच कुचकामी ठरतो! पहिल्यांदा 'अमुक जनुक निकामी केलेला उंदीर' असे पूर्ण लिहावे, पुढे 'नॉकआउट' चालेल.

प्रतिसाद: 'निकामी' हा शब्द पुराव्यावर लिहावा. काढलेल्या एक्झॉनची (जनुकाच्या प्रथिनाचा संकेत देणाऱ्या तुकड्याची) लांबी तीनने भागली जात असेल, तर वाचनचौकट, म्हणजे तीन-तीन अक्षरांनी संकेत वाचण्याची मांडणी, बिघडत नाही. आखूड प्रथिन तयार होऊ शकते आणि थोडेफार काम करू शकते. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत) प्रथिन नाही हे दिसेपर्यंत 'उत्परिवर्ती' (म्युटंट) म्हणणे प्रामाणिक. जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचे नुसते प्रमाण घटवले असेल तर तो 'नॉकडाउन', त्याला निकामी म्हणू नये.

प्रश्न: आणि जनुक निकामी केल्यावर पिल्ले गर्भातच मरतात, त्याला 'भ्रूणघातक' म्हणावे का?

प्रतिसाद: हा तर सर्रास चुकतो. दोन विषमयुग्मजींच्या (जनुकाची एक प्रत शाबूत, एक निकामी असलेल्यांच्या) संकरात शाबूत, विषमयुग्मजी आणि समयुग्मजी (दोन्ही प्रती निकामी) पिल्लांचे अपेक्षित प्रमाण १:२:१. तीन आठवड्यांनी, दूध तोडताना जीनोटायपिंग (कोणत्या पिल्लात जनुकाच्या कोणत्या प्रती आहेत याची तपासणी) केले आणि १२ पिल्लांत समयुग्मजी एकही नाही, तरी तसे निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता सुमारे ३ टक्के. २० पिल्लांत ती ०.३ टक्क्यांवर येते. शिवाय जन्मताच मेलेली पिल्ले आई खाऊन टाकते, त्यामुळे गैरहजर पिल्लू गर्भातच मेले असे ठरत नाही. मादीत प्लग (समागमानंतर योनीत घट्ट होणारा गोळा) दिसलेल्या दिवसाची दुपार ०.५ दिवस धरून ९.५, १२.५, १५.५ दिवसांचे भ्रूण काढावेत, हृदयाचे ठोके पाहावेत. मृत्यू गर्भात दिसला तरच 'भ्रूणघातक', एरवी 'जन्मोत्तर घातक'.

प्रतिसाद: एक भर. दोष दिसला नाही म्हणून 'जनुकाला काम नाही' असे भाषांतर नको. होक्सए११ किंवा होक्सडी११ ही अवयवांची घडण ठरवणारी जनुके एकेकटी निकामी केली तर पुढच्या पायात दोष सौम्य असतो. दोन्ही एकत्र निकामी केली की कोपराखालची दोन्ही हाडे जवळजवळ नाहीशी होतात. एकाची उणीव दुसरे भरून काढते. नॉकआउटमधून जनुकाची गरज कुठे पडते ते कळते. 'गरज' आणि 'कार्य' हे शब्द वेगळे ठेवा.

प्रश्न: 'कंडिशनल नॉकआउट'मधल्या 'कंडिशनल'ला 'सशर्त' लिहू का?

प्रतिसाद: अर्थ पोचत नाही. डीएनए कापणारे क्री एन्झाइम ज्या ऊतीत तयार होते तिथेच लॉक्सपी (क्री ओळखते त्या डीएनए-खुणा) यांमधला तुकडा कापला जातो, म्हणून 'ऊतीपुरते निकामी'. क्रीला कामाला लावणारे टॅमॉक्सिफेन हे औषध देऊन वेळ ठरवली असेल, तर 'ठरावीक वेळी निकामी'.