मदत हवी आहे: व्रण जाड होतोय, सिलिकॉनची पट्टी टिकत नाही

अबोली_फोंडा:
व्रण कमी व्हायचं सोडून लाल आणि जाड झालाय. रात्री इतकी खाज येते की झोपमोड होते. सिलिकॉनची पट्टी आणली तर दोन तासांत सुटून बाहीला चिकटते. इंजेक्शन नको, लेझर नको. डिसेंबरात बहिणीचं लग्न आहे. दुसरं काय करता येईल? प्लीज लवकर सांगा.

म्हापसेकर:
व्रण कुठे आहे? कशाचा? किती महिने झाले? जखम पूर्ण भरली का? काहीच लिहिलेलं नाही.

सत्तरीकर:
मुठेल लावा, घरचं कोकमाचं. आईने सिझेरियनच्या व्रणाला वर्षभर चोळलं, आता रेघ शोधावी लागते. पट्ट्यांवर पैसे कशाला घालवता?

मांडवीकाठ:
सत्तरीकर, वर्षभरात बरेचसे व्रण आपसूकच फिकट होतात. गुण मुठेलाचा कशावरून?

सत्तरीकर:
मग चोळण्याला काहीच अर्थ नाही म्हणता?

फिजिओताई:
चोळण्याला आहे, तेल कुठलंही घ्या. जखम पूर्ण बंद झालेली हवी, खपली नको. व्रण पांढुरका होईल इतपत बोटाने दाबायचं आणि कातडी खालच्या थरावरून सरकवायची. गोल, उभी, आडवी. दिवसातून दोन-तीनदा, पाचेक मिनिटं. व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल फोडून लावू नका, काहींना पुरळ उठतं.

निळा_समुद्र:
माझ्या गालावर मुरुमांचे खड्डे होते. मायक्रोनीडलिंगने बराच फरक पडला.

मांडवीकाठ:
त्यांना सुई नकोय हो. आणि खड्डा वेगळा, उंचवटा वेगळा.

अबोली_फोंडा:
कोपराच्या मागच्या बाजूला आहे. पावसात फर्मागुढीच्या उतारावर स्कूटर घसरली, प्लेट घातली. चार महिने झाले. जखम कधीच भरली. हात दुमडताना ओढतं, वेणी घालता येत नाही. आता सांगा.

सत्तरीकर:
त्या उतारावर पावसात फार जपून चालवावं लागतं. माझा भाचाही तिथेच पडला होता.

म्हापसेकर:
रस्त्याचं नंतर बोलू. अबोलीताई, व्रण मूळ कापाच्या रेषेतच जाड झालाय की बाजूच्या चांगल्या कातडीवरही पसरतोय? रेषेतला असेल तर हायपरट्रॉफिक, तो हळूहळू बसतो. बाहेर पसरत असेल तर केलॉइड. तो आपोआप सहसा जात नाही, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावाच लागतो. पेनाने कड आखून फोटो काढा, महिन्याने ताडून बघा.

फिजिओताई:
वेणीचं आधी सांगायला हवं होतं. ओढ व्रणाची असेल किंवा सांधाच आखडला असेल. नुसत्या पट्टीच्या भरवशावर राहू नका, याच आठवड्यात कोपर किती दुमडतं ते मोजून घ्या. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ऑर्थोपेडिक आणि प्लास्टिक सर्जरी दोन्ही विभाग आहेत.
पट्टी कातडीतला ओलावा धरून ठेवते. दिवसाला निदान बारा तास, दोन-तीन महिने तरी लागते. दिवसा घाम येत असेल तर पट्टीऐवजी सिलिकॉन जेलचा पातळ थर लावा, तो वाळला की मग बाही खाली घ्या. पट्टी रात्री, वर सैल ट्यूब बँडेज. रोज सौम्य साबणाने धुवायची. उन्हात जाताना व्रण झाका, नाहीतर काळवंडतो. एक सांगा, पट्टी तेल लावल्यावर लावत होता का?

अबोली_फोंडा:
हो. खोबरेल चोळून लगेच.

फिजिओताई:
म्हणूनच सुटते. मालिश संध्याकाळी करा, तेल साबणाने धुऊन कातडी कोरडी करा, मग पट्टी.

अबोली_फोंडा:
दुकानात हे कुणी सांगितलंच नाही. आज तसंच करते. कड आत्ता बघितली, व्रण रेषेतच आहे, फक्त खालच्या टोकाला थोडा रुंद वाटतो. तिथला फोटो उद्या उजेडात काढून टाकते. देव बरें करूं.