मदत हवी आहे: सकाळी अर्ध्या सेल्फला चालू, गरम करून थांबवली की दहा मिनिटांनी हटून बसते

दुपारचीफेरी
२००२ ची १.३ लिटर पेट्रोल गाडी. एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळे पेट्रोल फवारणारी यंत्रणा), चार इंजेक्टर, त्यांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर म्हणजे रेलवर प्रेशर राखणारा रेग्युलेटर आणि टाकीकडे परत जाणारी रिटर्न लाइन. सकाळी काहीच तक्रार नाही. रायबंदर धक्क्यावर रांगेत बंद केली आणि दहा-पंधरा मिनिटांनी फेरीबोटीत चढवायला सेल्फ मारला, की आठ-दहा सेकंद नुसती फिरते. लागली तरी अर्धा मिनिट थरथरते. बंद करून लगेच चालू केली तर ठीक, दोन तासांनी केली तरी ठीक. प्लग, एअर फिल्टर, बॅटरी नवीन आहेत. चेक इंजिनचा दिवा नाही. एका गॅरेजचे मत पंप, दुसऱ्याचे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर). सुरुवात कुठून करावी?

पानाबारा
तूर्त दोन्ही बदलू नका. पुढच्या वेळी अडली की दोन गोष्टी करा, पण वेगवेगळ्या दिवशी.

एक: सेल्फ न मारता चावी ऑन करा, पंपाची घूं दोन-तीन सेकंद ऐका, ऑफ करा. असे तीनदा, मग सेल्फ. लगेच लागली तर रेलमधले प्रेशर उतरत होते. इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचे थांबते आणि बॉनेटखालची उष्णता उलट वाढत जाते. प्रेशर टिकून असेल तर पेट्रोल उकळत नाही. उतरले असेल तर रेलमध्ये वाफ धरते.

दोन: ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा, पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. बहुतेक ईसीयू अशा वेळी इंजेक्टर बंद ठेवतात, म्हणजे नुसती हवा आत जाते. तशी लागली तर पेट्रोल कमी नव्हे, जास्त होते आहे.

सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरा तरी हलतो का, तेही बघा. मुळीच हलत नसेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरते आहे हे ईसीयूला कळवणाऱ्या) संशय घ्यावा लागेल.

दुपारचीफेरी
काटा हलतो. चावी तीनदा ऑन-ऑफ करून काही फरक नाही. पेडल दाबल्यावर चौथ्या सेकंदाला लागली, मागून काळा धूर आणि पेट्रोलचा उग्र वास.

पानाबारा
म्हणजे इंजिन जास्तीच्या पेट्रोलमध्ये बुडते आहे. ईसीयू विसरा. आता तीनच संशयित: रेग्युलेटरचा पडदा, गळका इंजेक्टर, खोटे सांगणारा पाण्याचा टेम्परेचर सेन्सर.

पहिल्याची परीक्षा फुकट आहे. रेग्युलेटरवरचा बारीक व्हॅक्यूम पाइप काढून वास घ्या. आत पेट्रोलचा थेंब असेल तर पडदा फाटला, शोध संपला.

खारेवारे
सेन्सरबद्दल एक सांगतो, कारण आपल्या हवेत हे फार होते. ओम नुसते सेन्सरच्या तोंडावर मोजू नका, ईसीयूच्या कपलरवर (तारांच्या जोडावर) मोजा, बॅटरी काढून. सकाळी ३० अंशांच्या आसपास दीड-पावणेदोन किलोओम दिसावेत, पाणी ८० अंशांवर गेल्यावर साधारण ३०० ते ३५० ओम. सेन्सर चांगला असूनही खाऱ्या दमटपणाने कपलरच्या पिनांवर हिरवे चढते. तिथे दोन किलोओम वाढले की उकळत्या इंजिनाला ईसीयू थंड समजतो आणि सकाळच्या मापाने पेट्रोल ओततो. दिवा लागत नाही, कारण आकडा त्याच्या दृष्टीने शक्य कोटीतला असतो.

दुपारचीफेरी
व्हॅक्यूम पाइप कोरडा. ईसीयूच्या कपलरवर गरम असताना ३३० ओम. मग इंजेक्टर?

पानाबारा
बहुधा. पण गेज लावून खात्री करा. आधी प्रेशर उतरवा: पंपाचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) काढा, इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्या, वर दोन-तीन सेकंद सेल्फ. इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, अग्निशामक हाताशी. गेज रेलच्या इनलेटला टी घालून बसवा, मग रिले आणि बॅटरी परत जोडा.

या प्रकारच्या गाडीत पंप चालू आणि इंजिन बंद असताना २.७ ते ३.१ किलो (दर चौ. सेंमी.), आयडलला म्हणजे इंजिन नुसते चालू असताना २.१ ते २.६, आणि इंजिन बंद केल्यावर एका मिनिटाने निदान दोन किलो हवे. तिथून झपाट्याने पडत असेल तर रबरी पाइप गुळगुळीत तोंडाच्या क्लॅम्पने दाबा. पक्कड नको, जुने रबर आतून फाटते. आधी येणारी लाइन: प्रेशर थांबले तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप). मग चावी ऑन-ऑफ करून परत भरा आणि रिटर्न दाबा: थांबले तर रेग्युलेटर. रिटर्न दाबलेली असताना पंप अजिबात चालवू नका, प्रेशर भलतेच चढते. दोन्ही दाबूनही पडते आणि बाहेर कुठे ओल नाही, तर इंजेक्टर.

दुपारचीफेरी
बंद केल्यावर २.५, एका मिनिटात १.४, पाच मिनिटांत ०.३. दोन्ही लाइन दाबून तेच. प्लग काढले: तिसऱ्याचे टोक ओले आणि काजळीने काळे, बाकी तीन फिकट तपकिरी.

पानाबारा
सापडला. रेल इंजेक्टरांसकट वर उचला, इंजेक्टर तारेने रेलला घट्ट बांधा, नाहीतर प्रेशरने निसटून उडतात. खाली चार बाटल्या, कपलर काढलेले, चावी ऑन. मिनिटाला एक थेंबापर्यंत चालते. त्याहून जास्त असेल तर अल्ट्रासॉनिक सफाई करून पुन्हा हीच परीक्षा. तरी गळला तर नवा घ्या. सीट झिजली की सफाईने भागत नाही. ओ-रिंगा चारही नव्या, पेट्रोलचा एक थेंब लावून बसवा, ग्रीस नको. इथेनॉलच्या पेट्रोलला चालणाऱ्या आहेत का, ते दुकानात विचारून घ्या.

आणि डिपस्टिकचा वास घेतलात का?

दुपारचीफेरी
पेट्रोलचा येतो. पातळी खुणेच्या बोटभर वर आहे.

खारेवारे
मग ऑइल आणि फिल्टर लगेच बदला, इंजेक्टर होईपर्यंत थांबू नका. पातळ झालेले ऑइल घेऊन चोर्ला घाट चढवलात तर बेअरिंग खाईल, आणि तोपर्यंत गाडी काढावी लागली तर जवळच्या जवळच.

दुपारचीफेरी
तिसरा मिनिटाला अकरा थेंब गळत होता. सफाईनंतर सहा, म्हणून नवा टाकला. आता पाच मिनिटांनी २.१ दाखवतो. आज रांगेत वीस मिनिटे बंद होती, पहिल्याच सेल्फला फेरीत चढली. देव बरें करूं.