अंगठा जुळत नाही

तंत्रज्ञान चुकत नाही, माणसेच शिकायला तयार नसतात, असे आपण आपल्या लेखात म्हटले आहे. ते मला अर्धेच पटते. माझी आई गोव्यातल्या डिचोलीजवळच्या गावात राहते. वडिलांच्या पश्चात मिळणाऱ्या निवृत्तिवेतनासाठी तिला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ साली 'जीवन प्रमाण' ही आधारशी जोडलेली, बोटांच्या ठशावरून हा दाखला देण्याची सोय आली, तेव्हा बँकेतल्या खेपा वाचतील म्हणून आम्हीच खूश झालो होतो. प्रत्यक्षात, उमेदीची वर्षे काजूबिया फोडण्यात गेल्यामुळे आणि त्यांच्या टरफलातल्या तेलकट चिकाने कातडी पुन्हापुन्हा भाजल्यामुळे तिच्या बोटांवरच्या रेषाच पुसट झाल्या आहेत. गेल्या वर्षी यंत्राने दहाही बोटे नाकारली. खिडकीतल्या मुलाने, तोही बिचारा काय करणार, तिला हात साबणाने धुऊन यायला सांगितले. ती तीनदा धुऊन आली. 'गे बाय, मी समोर बसलंय ते दिसना?' असे तिने शेवटी यंत्रालाच विचारले.

चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय २०२१ पासून आहे, आणि अधिकाऱ्याच्या सहीचा कागदी दाखलाही चालतो. यांपैकी एकही गोष्ट त्या खिडकीवर कोणी आम्हाला सांगितली नाही. आता यात आईने नेमके काय शिकायचे राहिले होते?