मदत हवी आहे : गहू पूर्ण बंद, लग्न तोंडावर, जेवणाचं काय करायचं?

लातूरची_माई
नमस्कार. मुलाला डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद सांगितलाय. पुढच्या आठवड्यात नांदेडला लग्न आहे, मंगल कार्यालयात. तिथं मुक्काम, मग तिथून तुळजापूर. बाहेर त्याला काय खाऊ घालावं? घरी भाकरीच चालू आहे, तरी मधूनमधून पोट बिघडतंच. 'डॉक्टरांना विचारा' असं कृपया सांगू नका, विचारून झालंय. लवकर कळवा, आचाऱ्याला यादी द्यायची आहे.

गोदाकाठ
मुलाचं वय किती? आणि गहू बंद म्हणजे नक्की काय, अ‍ॅलर्जी की सिलिअ‍ॅक? दोन्हीत फार फरक आहे. अ‍ॅलर्जीत खाल्ल्यावर थोड्या वेळात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो. सिलिअ‍ॅकमध्ये ग्लुटेनमुळे, म्हणजे गव्हातल्या प्रथिनामुळे, शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं, ते आतल्या आत चालतं. रक्ताच्या रिपोर्टवर टीटीजी (या आजाराची रक्ततपासणी) असं काही लिहिलंय का?

खपली_प्रेमी
माई, हा सगळा हायब्रीड गव्हाचा प्रताप. खपली गहू आणा, खीर करा, पोळ्या करा, काही होत नाही. आमच्याकडे सगळ्यांचं पित्त गेलं.

गोदाकाठ
खपलीत ग्लुटेन असतं हो. जुना असला तरी तो गहूच. सिलिअ‍ॅकवाल्याला खपली, बन्सी, शरबती सगळे सारखेच. सातू, म्हणजे जवही बंद.

खपली_प्रेमी
आमच्या आज्याने जन्मभर खपली खाल्ली, ९० च्या पुढे गेला.

गोदाकाठ
आजोबांना सिलिअ‍ॅक नव्हता.

लेकुरवाळी
माई, काळजी करू नका, लहान मुलं लवकर रुळतात. रंगीत डबा घ्या, राजगिऱ्याचे लाडू, मुरमुरे, केळी भरा आणि लग्नात त्याला आपल्याजवळच बसवा. आमच्या मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, त्यापुढे तुमचं सोपंच. आपल्याकडे कूट कशात नसतं सांगा! वांग्यात कूट, कोशिंबिरीत कूट, उपवासाच्या खिचडीत कूट. पंगतीत 'यात दाणे आहेत का' विचारलं की वाढपी म्हणतो, 'भरपूर आहेत ताई, काळजी करू नका.'

लातूरची_माई
अहो तो लहान नाही, २७ वर्षांचा आहे, पुण्यात नोकरी करतो. आणि लग्न त्याचंच आहे.

हुरडा_पार्टी
आता बोला. 😄

गोदाकाठ
हे आधी सांगायचं ना माई! म्हणजे मांडव मुलीकडचा, आचारी त्यांचा. रिपोर्टचं सांगा.

लातूरची_माई
टीटीजी खूप वाढलेलं होतं, मग दुर्बीण घालून तुकडा तपासला. सिलिअ‍ॅकच आहे. हिमोग्लोबिन वर येत नव्हतं म्हणून तपासण्या सुरू झाल्या. दिवाळीनंतर कळलं.

गोदाकाठ
ठीक. तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो, आईवडिलांनी आणि सख्ख्या भावंडांनीही रक्त तपासून घ्यायचं असतं. मात्र तपासणीआधी गहू सोडायचा नाही, नाहीतर रिपोर्ट खोटाच चांगला येतो.
आता घरच्या पोटदुखीचं. ज्वारी दळता कुठे?

लातूरची_माई
गिरणीवर, दुसरीकडे कुठे? ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून देते. घरची टाळकी आहे, भेसळ नाही.

गोदाकाठ
ज्वारीत दोष नाही, गिरणीत आहे. तुमच्या आधी कुणीतरी गहू दळलेला असतो. जात्याच्या पाळीत, पिठाच्या कापडी तोंडात, खालच्या डब्यात तो पसरून बसलेला असतो. तुमचं पहिलं पायलीभर पीठ तो गहू घेऊनच बाहेर येतं. सिलिअ‍ॅकमध्ये रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात गेलं तरी आतडं भरून येत नाही, आणि एवढं तर चिमटीतल्या कणकेत असतं. पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' छापायचं तर किलोला २० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका.

जुनं_जातं
घरघंटी कशाला, जातं आहे की! आमच्याकडे अजून जात्यावर दळतात. व्यायाम होतो, पीठ गरम होत नाही, चव राहते.

लेकुरवाळी
दळणार कोण, नवी सून का? लग्नाआधीच जातं दाखवलं तर मुलगी नांदेडहून निघायचीच नाही.

हुरडा_पार्टी
टाळकीपेक्षा जालन्याची दगडी ज्वारी घ्या, तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. भाकरी सकाळची रात्री खाल्ली तरी मऊ.

परभणीकर
दगडी दिसायला बरी. भाकरी खावी मालदांडीची. आणि रक्त कमी असेल तर आमच्या कृषी विद्यापीठाचा 'परभणी शक्ती' वाण बघा, लोह आणि जस्त जास्त आहे त्यात.

हुरडा_पार्टी
मालदांडी सोलापूरवाल्यांची.

संपादक
ज्वारीसाठी वेगळा धागा काढावा.

सरळ_बोलणारा
मला एक विचारायचंय. मुलीकडच्यांना हे सांगितलंय का?

लातूरची_माई
एवढं काय सांगायचं? रोग थोडाच आहे, पथ्य आहे. हळद लागायच्या तोंडावर नसते विषय कशाला? मुलीला माहीत आहे, मुलानेच सांगितलंय. वडीलधाऱ्यांना नाही.

सरळ_बोलणारा
मग पहिल्याच घासाला सगळ्यांसमोर 'हे नको, ते नको' म्हणणार? जावई ताटावरून उठला तर ती बातमी हिंगोलीपर्यंत जाते. लपवाछपवी वाटते ती वेगळीच.

लेकुरवाळी
प्रत्येक गोष्टीत लपवाछपवी कसली? मुलीला माहीत आहे ना? संसार त्या दोघांचा.

सरळ_बोलणारा
भटारखाना मात्र मुलीच्या बापाचा आहे.

गोळ्या_आहेत_की
ग्लुटेन पचवायच्या एन्झाइमच्या गोळ्या ऑनलाइन मिळतात. दोन घ्यायच्या आणि जिलेबी हाणायची. लग्न एकदाच होतं.

गोदाकाठ
असलं काही करू नका माई. सिलिअ‍ॅकमध्ये त्या गोळ्यांच्या भरवशावर गहू खाता येत नाही.

लेबल_वाचा
अन्न सुरक्षेच्या नियमाप्रमाणे १० किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांनी मेन्यूत अ‍ॅलर्जीकारक पदार्थ दाखवायला हवेत, १ जुलै २०२२ पासून. यादीत ग्लुटेनवाली धान्यं, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन वगैरे येतात. आपण ग्राहक म्हणून मागणी केली पाहिजे!

लातूरची_माई
दादा, मंगल कार्यालयाला कुठल्या शाखा? मला पंगतीचं सांगा.

आचारी_वसमत
माई, मी केटरिंगचंच काम करतो, लग्नाची शंभर पानं असो की हजार. कुणी काय सांगायलंय त्यापेक्षा हे ऐका. भात, वरण, भाजी, दही, बासुंदी, यात तुम्हाला गहू दिसत नाही. पण हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात वाचा, बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ नाहीतर मैदा असतो. ते वरणात, कढीत, भजीत, लोणच्यात, पापडात सगळीकडं जातं. भजी, पापड तळायच्या कढईतच पुऱ्या निघतात. मसालेभाताच्या डावानं कुणीतरी शिरा वाढतं. बुंदी बेसनाची असली तरी तेल तेच. जिलेबी, गुलाबजाम मैद्याचे. चायनीजचा स्टॉल असला तर तिकडं फिरकूच नका म्हणा, सोया सॉसमधीबी गहू असतो.
मी असं करतो. नवरदेवाचं सगळं आधी, रिकाम्या शेगडीवर, नव्या पातेल्यात. साधा भात, बिनहिंगाचं वरण, बटाट्याची भाजी, झाकण लावून बाजूला. वाढायला एकच पोरगा, त्याच्या हातात पुरीचं ताट द्यायचं नाही. भाकरी घरून आणा. कार्यालयात थापणारी बाई चांगली असली तरी परातीला कणीक लागलेलीच असते.

लेकुरवाळी
आणि घास भरवायचा असतो त्याचं काय? फोटोवाला मागं लागतो.

आचारी_वसमत
पेढा ठेवा. खव्याचा, ओळखीच्या हलवायाकडनं. स्वस्तातल्या पेढ्यात काय काय घालायलेत सांगता येत नाही.

गोदाकाठ
दुधाचं जरा बेतानं. निदान नवीन असेल तर आतडं सावरेपर्यंत कित्येकांना दूधही बाधतं. वाटीभर बासुंदीने रात्री पोट बिघडलं तर उगीच वरणाला दोष जाईल.

लातूरची_माई
ओटीत गहू असतात, कणकेच्या दिव्यांनी ओवाळतात. ते चालेल का?

गोदाकाठ
चालेल. सिलिअ‍ॅकमध्ये हाताला लागल्याने काही होत नाही, पोटात जायला नको. हात धुऊन जेवायला बसवा, बस. गव्हाची अ‍ॅलर्जी असती तर वेगळा विचार करावा लागला असता.

जुनं_जातं
सत्यनारायणाच्या प्रसादाचं कुणी बोललंच नाही. रव्याचा शिरा. प्रसाद नाकारायचा नसतो.

सरळ_बोलणारा
हे मात्र खरं. आमच्याकडे एका पाहुण्याने प्रसाद नको म्हटलं तर आत्या वर्षभर बोलल्या नाहीत.

लेकुरवाळी
राजगिऱ्याच्या पिठाचा शिरा करा, तूप, साखर, केळं, सगळं सव्वा मापाने तसंच. पूजा तुमच्या घरी असते, सगळ्यांनाच तोच द्या. वेगळी वाटी दिसली की लोक विचारतात, एकच प्रसाद असला की कुणी बघत नाही. आम्ही मुलीसाठी पंजिरीत दाणे घालायचे सोडले, आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

लातूरची_माई
हे आवडलं. तुळजापूरला पुरणपोळीचा नैवेद्य असतो, त्याचं?

लेकुरवाळी
नुसतं पुरण काढून ठेवा, पोळ्या लाटायच्या आधीच. हरभऱ्याची डाळ आणि गूळच तर असतो. वाटीत पुरण, वर तूप, सोबत घरची भाकरी.

परभणीकर
वाटेत ढाब्यावर 'ज्वारीची भाकरी' पाटी दिसली तरी भुलू नका. कोरडं पीठ लावतात ते कसलं ते विचारा. उकडलेली अंडी, दही, केळी आणि भाजलेले दाणे घेऊन निघा.

लेकुरवाळी
दाणे!!

परभणीकर
तुमच्या मुलीसाठी नाही म्हटलं ताई.

लातूरची_माई
व्याह्यांना फोन केला. ऐकून घेतलं, 'बघू' म्हणाले. विहीणबाईंनी मात्र लगेच आचाऱ्याचा नंबर दिला. आचारी म्हणतो हिंगाशिवाय वरण म्हणजे आजाऱ्याचं जेवण, मी असलं करत नसतो. आता त्याला काय सांगू?

आचारी_वसमत
त्याला म्हणा, तुझ्या वरणाला हात लावू नको. डाळ शिजली की फोडणीआधी एक पातेलं बाजूला काढ, त्याला तूप, जिरं, ठेचलेला लसूण आणि लाल मिरचीची फोडणी दे. मग दोन्ही चाखून बघ. जिरं आणि तिखट नव्या पुड्यातलं, नवा चमचा. नाहीच ऐकला तर मला जोडून द्या, नंबर तुम्हाला व्यक्तिगत संदेशात टाकलाय. आमच्या धंद्यातली माणसं आमचंच ऐकायलेत.

हुरडा_पार्टी
आचारीबुवा, डोहाळजेवणाचं काम घेता का? साठेक पानं, जिंतूरला.

आचारी_वसमत
घेतो. तारीख व्यक्तिगत संदेशात टाका, इथं नको, संपादक ओरडतील.