मदत हवी आहे: तळपायांची आग परत आली, गोळी बदलून घ्यावी का?

वय ५२, पुरुष. २००८ पासून एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर आहे. पहिली तीन वर्षं स्टॅव्हुडीन होतं. तेव्हाच पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, मग तळपाय भाजल्यासारखे. २०११ मध्ये ते काढून टेनोफोविर दिलं. आग विझली, बधिरपणा मात्र राहिला. चप्पल पायातून निसटते आणि चार पावलं पुढे गेल्यावर खाली बघितलं की कळतं. त्याची सवय झाली होती.

गेली काही वर्षं टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्रॅविरची एकच गोळी चालू आहे. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दिसतच नाही इतका कमी. गेल्या दीड महिन्यात आग परत आली आणि आता घोट्यापर्यंत चढलीय. दिवसा कामात निभावतं. रात्री चादरीचा काठ अंगठ्याला लागला तरी झिणझिण्या. उठून गार फरशीवर पाय टेकून बसतो. शुगर नॉर्मल, दारू नाही.

खरं सांगतो, परवा रात्री वाटलं की आठ दिवस गोळी बंद ठेवून बघावं. अजून ठेवलेली नाही. डॉक्टरांची तारीख तीन आठवड्यांनी आहे. कोणाला असा अनुभव?

प्रतिसाद १
बंद अजिबात करू नका. विषाणू वर येईल, औषध निकामी व्हायची भीती, आणि एचआयव्ही स्वतःही नसा खातो. शिवाय हे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखं आहे. नसांचं नुकसान करण्यात स्टॅव्हुडीन आणि डायडॅनोसिन ही एचआयव्हीची जुनी औषधं बदनाम होती. पेशींना ऊर्जा देणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए ती नीट तयार होऊ देत नसत. सगळ्यांत लांब नसांना फटका आधी, म्हणून सुरुवात बोटांपासून. आताच्या तुमच्या गोळीची सहसा ही खोड नाही. डोल्युटेग्रॅविरने काहींची झोप उडते, ते वेगळं.
मधल्या काळात दुसरं काही औषध सुरू झालंय का? टीबीचं वगैरे? आणि बी१२ कधी तपासलंय?

मूळ प्रश्नकर्ता
बी१२ नाही तपासलं. टीबीचं म्हणाल तर, घरात एकाला निघाला म्हणून मला अडीच महिन्यांपूर्वी प्रतिबंधक आयसोनियाझिड ३०० मिग्रॅ सुरू केलं, सहा महिन्यांसाठी. त्याचा पायांशी संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही. सोबत बी६ ची छोटी गोळी दिली होती. पित्त होतंय असं वाटून पहिल्याच आठवड्यात सोडली, म्हटलं व्हिटॅमिनच तर आहे. आत्ता ड्रॉवर उघडला, स्ट्रिपमध्ये दहातल्या सहा तशाच आहेत.

प्रतिसाद १
मग संशय तिथेच. आयसोनियाझिडमुळे शरीरातलं बी६ कमी पडतं आणि नसा दुखावतात. एचआयव्ही असेल तर धोका जास्त, म्हणूनच ती छोटी गोळी. तीन आठवडे थांबू नका, उद्याच फोन करा, गोळी सोडली होती हेही सांगा (ओरडा बसेल, बसू दे). आयसोनियाझिडही मनाने बंद करू नका. आणि राहिलेलं भरून काढायला बी६ दुप्पट-तिप्पट घेऊ नका. फार मोठे डोस बरेच दिवस घेतले तर त्यानेच नसा बिघडतात. लोह-कॅल्शियमवाली मल्टिव्हिटॅमिन घेणार असाल तर डोल्युटेग्रॅविर तिच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर.

प्रतिसाद २
माझे पायही स्टॅव्हुडीनच्याच काळातले. मला रात्री नसांच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन दिलंय. पहिला आठवडा नुसती गुंगी होती, मग जमलं. कोणी कार्बामाझेपिन सुचवलं तर डोल्युटेग्रॅविर चालू आहे हे आधी सांगा, कार्बामाझेपिनने डोल्युटेग्रॅविरची रक्तातली पातळी घसरते.
गरम पाण्यात पाय बुडवू नका. बधिर कातडीला चटका कळत नाही, मला फोड आल्यावर कळलं. रोज आरशात तळवे बघतो. चादरीसाठी पायथ्याशी एक खोकं ठेवा आणि चादर त्याच्यावरून घ्या. हसू नका, झोप लागते.

मूळ प्रश्नकर्ता
फोन केला. ओरडा बसला. बी६ आजपासून सुरू, शुक्रवारी बोलावलंय, बी१२ पण करणार. खोकं ठेवलंय, काल तीन वाजेपर्यंत सलग झोपलो.
जुना बधिरपणा जाईल असं धरून चालत नाही. पण बी६ परत सुरू केल्यावर ही नवी आग उतरायला कोणाला किती दिवस लागले?